पुस्तकं कमी वाचा, असं पाळक म्हणाले

आदरणीय मावशी, सलाम.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय ३६, प्राथमिक शाळेत शिकवते. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, लहान, चाळीसेक घरांची. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांच्यामुळे लहानपणापासून वाचायचा नाद. गेली तीन-चार वर्षं ख्रिस्ती पुस्तकं मिळतील तशी वाचते आहे. काही मराठी, काही इंग्रजीवरून आणलेली, काही मोबाइलवर आलेली.

या पावसाळ्यात आमच्याकडे रानं पाण्याखाली गेली. पुढच्या रविवारी पाळकांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकातून संदेश दिला, की ज्यांनी दशमांश (उत्पन्नाचा देवाला द्यायचा दहावा भाग) चुकवला त्यांच्याच रानात पाणी उभं राहिलं. मागच्या बाकावर एक भाऊ बसले होते, ज्यांचं चार एकर सोयाबीन शेंगेतच कुजलं. गुरुवारच्या बायबल अभ्यासात मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, “मग ईयोबानं काय कमी दिलं होतं?” पाळक म्हणाले, “ताई, पुस्तकं कमी वाचा, गुडघे जास्त टेका.” सगळे हसले. त्याला तीन महिने झाले. मी चर्चला गेलेले नाही. नवरा मंडळीच्या कमिटीवर आहेत, ते लेकीला घेऊन एकटेच जातात. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्या म्हणतात, “लई वाचायलीस, म्हणून देवाला जाब विचारायलीस.” खरं सांगू का, हल्ली प्रार्थनासुद्धा होत नाही. मी वाचणं थांबवू की चर्च? आणि मराठीत वाचण्यासारखं काय आहे?

ता. क. आजोबांचं पवित्र शास्त्र (बायबल) माझ्याकडे आहे. शिवण सुटली आहे, पानं पिवळी पडली आहेत. समासात त्यांनी पेन्सिलीनं बारीक नोंदी केल्यात. हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायाशेजारी फक्त “१९७२” एवढंच लिहिलंय. ते बांधून घ्यावं की तसंच ठेवावं?

– तुमची एक वाचक

प्रिय लेकी,

सलाम. तुझं पत्र चार पानांचं होतं. वर छापलंय ते त्यातलं जेमतेम एक पान. बाकीची तीन मी जपून ठेवली आहेत, कारण त्यांत पुष्कळ राग आहे आणि तो चारचौघांत मांडायचा नाही.

वाचणं थांबवू नकोस आणि चर्चही सोडू नकोस, हे आधीच सांगून टाकते. पण एवढ्यानं तुझं समाधान व्हायचं नाही, माझंही होत नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं. तू विचारलंस ते शास्त्राला धरून होतं. ईयोबाच्या पहिल्याच ओळीत तो सात्त्विक आणि सरळ होता असं लिहिलंय. पोरांकडून चुकून पाप घडलं असेल म्हणून तो पहाटे उठून त्यांच्यासाठी होम करायचा. तरी त्याची गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोडं आली. मित्र येऊन म्हणाले, तुझ्याकडून काहीतरी चुकलंच असेल. आणि शेवटच्या अध्यायात देव कुणावर रागावतो? अलीफज तेमानीवर आणि त्याच्या दोघा मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं देव त्यांना सुनावतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाला जाब विचारणारा बरोबर ठरला. तुझ्या सासूबाईंना हे एकदा वाचून दाखव.

लूकाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं काय, असं प्रभू विचारतात आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतात. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापानं? तिथंही उत्तर तेच येतं.

पाळकांनी काढलेलं वचन मात्र खोटं नव्हतं. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात दशमांशाचं बोलणं आहे, पीक खाणाऱ्याला धमकावण्याचंही आहे. पण त्याच अध्यायात, त्याच्या थोडं आधी, मजुराची मजुरी दाबणाऱ्यावर आणि विधवेला, पोरक्याला छळणाऱ्यावर देव स्वतः साक्षीला उभा राहीन म्हणतो. त्या वचनावर संदेश झाल्याचं मी आयुष्यात क्वचितच ऐकलं. एक ओळ शास्त्रातून उचलायची आणि एका माणसाच्या चार एकरांवर नेऊन ठेवायची, हे बरोबर नव्हतं. ते ऐकताना तुला उठून बोलावंसं वाटलं, याचा मला आनंद आहे.

आता जे मला टोचलं ते सांगते, रागावू नकोस. तुझ्या चार पानांत पाळक किती वेळा आले ते मी मोजलं. अकरा वेळा. कमिटी चार वेळा. पुस्तकांची नावं नऊ. आणि ते मागच्या बाकावरचे भाऊ एकदा. त्यांचं सोयाबीन कुजलं एवढं सांगून तू पुढं गेलीस. पुढच्या तीन पानांत ते कुठंच नाहीत. त्यांच्या घरी तू गेली होतीस का? त्यांच्या बायकोशी बोललीस का? गेली असतीस तर लिहिलं असतंस, असं मला वाटतं.

ईयोबाच्या मित्रांची आपण निंदा करतो, पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली. बोलायला सुरुवात करण्याआधी सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कुणी एक शब्द काढला नाही. तू ईयोबाचं नाव घेतलंस, पण त्याच्या राखेत जाऊन बसली नाहीस. ते अजून राहिलंय आणि अजून वेळही गेलेली नाही. याच आठवड्यात जा. पहिल्या भेटीत पुस्तक नेऊ नकोस, प्रार्थना करू का असंही विचारू नकोस. त्यांनी केली तर बस त्यांच्यासोबत. पंचनामा झाला का, विम्याचं काय झालं, बँकेचा माणूस येऊन गेला का, ते विचार. तू शिक्षिका आहेस, अर्ज नीट लिहून देशील, तलाठ्याकडं सोबत जाशील. रब्बीच्या बियाण्याची सोय झाली नसेल तर महिला मंडळातल्या दोघी-तिघींना घे. मंडळी म्हणजे काय, या प्रश्नावर तू तीन पुस्तकं वाचल्याचं लिहिलंस. चौथं त्या घरात आहे.

हे मी तुला वरच्या पायरीवरून सांगत नाही. मी स्वतः जवळपास दोन वर्षं चर्चबाहेर होते.

माझे मालक गेले तेव्हा मी ४१ वर्षांची होते. किडनीचा आजार, आठ महिने छत्रपती संभाजीनगरच्या फेऱ्या, हाताशी असलेलं सगळं सोनं मोडून झालं होतं. तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला चर्चच्या एका सेवकानं साक्ष देताना म्हटलं, की घरातल्यांचा विश्वास पक्का असता तर हा भाऊ आज आपल्यात असता. मी ताटं मांडत होते. हातातलं ताट तसंच खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत गेले. त्यानंतर चर्चला गेले नाही.

त्या दोन वर्षांत मी वाचलं मात्र खूप. वाचनालयातली पुस्तकं संपवली, मुंबई-पुण्याहून टपालानं मागवली, रात्री दोन-दोनपर्यंत वाचायची. आज मागं वळून पाहते तेव्हा कळतं, की मी पुरावे गोळा करत होते. प्रत्येक पानावर मला तो सेवक दिसायचा आणि प्रत्येक चांगलं वाक्य मी त्याच्या तोंडावर फेकायला खुणा करून ठेवायची. वही भरली. ज्ञान वाढलं असेल, पण मन आंबत गेलं. तुझ्या पत्रात तू लिहिलंस, “आता कुठलाही संदेश ऐकताना मी आधी चूक शोधते.” ते वाचताना मला माझी ती वही आठवली.

आमच्या गल्लीत एक म्हातारी होती, सगळे तिला आत्याच म्हणायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. एका दुपारी दारात येऊन म्हणाली, “बाई, तू दिसभर वाचतीसच तर थोडं मलाबी वाचून दाखीव की. स्तोत्रं वाच.” नाही म्हणवेना. रोज चार वाजता ती यायची, चहा व्हायचा आणि मी क्रमानं वाचायची. असं करत करत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आलं. तुला माहीत असेल, त्या स्तोत्राला सुटका नाही. बाकीच्या रडण्याच्या स्तोत्रांत शेवटी तरी एखादी स्तुतीची ओळ येते, हे मात्र अंधारातच संपतं. मी अडखळले. वगळावं का असा विचार आला, कारण आत्याचा तरणा लेक विहिरीत बुडून गेला होता. पण वाचलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “हे बरंय. ह्याच्यात कुणी खोटं बोललं नाही.”

त्या दोन वर्षांत वाचलेल्या एकाही पुस्तकानं मला जे दिलं नव्हतं ते तिच्या त्या वाक्यानं दिलं. माझ्या दुःखाला शास्त्रात जागा आहे, हे मी शंभर ठिकाणी वाचलं होतं. ते खरं वाटलं तिच्या तोंडून ऐकल्यावर.

पुढच्या शनिवारी ती म्हणाली, “उद्या मला हाताला धरून चर्चला ने. नातू गेलाय पुण्याला.” मी गेले. विश्वास परत आला म्हणून गेले नाही. आत्याला पायऱ्या दिसत नव्हत्या म्हणून गेले. तिच्याशेजारी बसले. संदेश फार काही नव्हता. पण प्रभुभोजनाच्या वेळी तिचा हात माझ्या हातात होता आणि पेला तिच्या ओठांपर्यंत मीच नेला. त्या सेवकाशी मी पुढं कित्येक महिने बोलले नाही. तरी चर्च सुटलं नाही ते सुटलं नाहीच.

म्हणून सांगते, वाच. पण कुणासाठी तरी वाच, कुणाच्या तरी कानाशी वाच. आपल्यात वाचन मुळात मोठ्यानंच सुरू झालं. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय काढ. कूशी देशाचा तो अधिकारी रथात बसून यशया वाचत होता आणि तो वाचत असल्याचं धावत आलेल्या फिलिप्पाला ऐकू आलं, म्हणजे तो मोठ्यानं वाचत होता. तुम्ही वाचता ते समजतं का, असं विचारल्यावर तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय मला कसं समजणार? शिकलेला, राणीच्या खजिन्यावरचा माणूस हे म्हणतो. प्रेषित पौलाची पत्रंही मंडळीत वाचून दाखवण्यासाठीच होती. कलस्सैकरांना तो सांगतो, हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा.

आणि “पुस्तकं कमी वाचा” याला उत्तर हवं असेल तर तेही पौलाकडं आहे. कैदेत आहे, थंडी तोंडावर आलीय, मरण जवळ दिसतंय. अशा वेळी तीमथ्याला लिहितो, त्रोवसात कार्पाकडं राहिलेला माझा झगा आण आणि पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. अंगावर पांघरायला एक आणि वाचायला दुसरं. पौल काही गुडघे टेकणारा नव्हता असं कुणी म्हणेल का? वाचन आणि गुडघे यांचं भांडण आपणच लावलंय.

आपल्यासारख्यांच्या घरांत तर हे भांडण मुळीच शोभत नाही. तुझ्या आजोबांचे वडील कुठल्या गल्लीत राहायचे आणि शाळेच्या ओट्यावर त्यांना कुणी बसू दिलं असतं का, हे तुला मी सांगायला नको. जालन्याजवळ बेथेलला कधी गेली आहेस का? नारायण शेषाद्री, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण, त्यांनी निजामाच्या मुलखात नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी ते गाव वसवलं. गावानं शिवेबाहेर ठेवलेली माणसं तिथं राहायला आली. मराठवाड्यातल्या किती ख्रिस्ती घरांत पहिलं पुस्तक आलं ते पवित्र शास्त्र आणि पहिलं अक्षर गिरवलं गेलं ते वचन वाचता यावं म्हणून! त्या घरातली नात वाचते म्हणून तिला कमी वाच म्हणणं मला सहन होत नाही. पाळकांनी हे रागाच्या भरात म्हटलं असेल. विसरून जा.

आता मराठीत काय वाचावं. लांबलचक यादी देत नाही, कारण यादी दिली की तू ती महिनाभरात संपवशील. मला तुझा वेग कमी करायचाय.

पंडिता रमाबाईंपासून सुरुवात कर आणि त्यांचं पुस्तक हातात घेण्याआधी त्यांचं आयुष्य समजून घे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद सुरू झाला. मी माझ्या विवेकानं शास्त्र वाचीन, एका पुरोहितशाहीचं जोखड नुकतंच उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. पंचविशीतली विधवा, कडेवर लेक, परका देश, आश्रय देणाऱ्यांशीच वाद. तरी प्रभूला सोडलं नाही आणि उपासनाही सोडली नाही. पुढं केडगावला निराधार बायामुलींसाठी मुक्ती मिशन उभारलं, आणि आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्यात घालवली. भाषा साधी हवी, खेड्यातल्या बाईला कळली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. संस्कृतात मोठमोठ्या पंडितांना गप्प करणाऱ्या बाईनं जड संस्कृत शब्द बाजूला ठेवले. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बाया-मुली होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि ते भाषांतर छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये. मनोरमा गेली ती आईचा विश्वास कमी पडला म्हणून, असं तुझ्या पाळकांना म्हणता येईल का? नाही म्हणणार ते. मग सोयाबीनवाल्या भाऊंबद्दलही म्हणू नये.

त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. शाळेत एखादा उतारा वाचला असशील, तो विसर आणि सबंध वाच. १८९५ च्या फेब्रुवारीत नवऱ्यानं, कवी नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाईवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढं ती त्यांच्याकडं आली तरी सोवळं सांभाळूनच, आणि तिचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधल्या पाच वर्षांत तिला कुणी पुस्तक दाखवून जिंकलं नाही. माणसं पाहत, भांडत, हसत, चुकत ती आली. श्रद्धा घाईनं येत नसते हे मी त्या पुस्तकातून शिकले. सासूबाईंना वाचून दाखवायला याच्याइतकं चांगलं पुस्तक नाही. रोज दहा पानं, भाजी निवडताना. त्या हसतील, मधेच तोंडाला पदर लावतील. तू वाचतेस म्हणजे आपल्यापासून लांब चाललीस, ही त्यांची खरी भीती आहे. वाचण्यात त्यांना ओढून घेतलंस तर ती कमी होईल.

फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ लगेच नको. पण ते आहे हे लेकीला जरूर सांग. पैठणला एकनाथमहाराज हयात असताना, १५७९ मध्ये, हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत ख्रिस्ताची कथा लिहिली. १६१६ साली ती छापली गेली. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही मराठीची थोरवी त्याच ग्रंथातली. तीही चर्चमध्ये लोकांना मोठ्यानं वाचून दाखवत असत.

आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ मिळालं तर घे. त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार आहे. २०२० च्या जानेवारीत धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३ वं मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे ते अध्यक्ष होते. त्या मांडवात मी होते. आपल्या मराठवाड्याच्या मातीत, संत गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात, एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून उभा होता, आणि माझ्या शेजारी बसलेल्या वारकरी बाईनं मला विचारलं, “हे तुमच्यातले का?” मी म्हटलं, “आपल्यातले.” २०२४ मध्ये ते गेले तेव्हा घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं.

मोबाइलवर येणाऱ्या पुस्तकांबद्दल मात्र मी कडक आहे. ज्या पुस्तकात पाचव्या पानावर ‘विश्वासानं बी पेरा’ असं सांगून पैसे मागितलेत, ते तिथंच बंद कर. तुझ्या पाळकांच्या त्या संदेशाची मुळं कुठल्या तरी अशाच पुस्तकात असतील, अशी मला दाट शंका आहे. इंग्रजीवरून आणलेल्या पुस्तकांत काही फार चांगली असतात, पण विकत घेण्याआधी एक पान मोठ्यानं वाचून बघ. जीभ तीनदा अडखळली तर भाषांतर करणाऱ्यालाच ते कळलं नव्हतं असं समज आणि पैसे वाचव.

पाळकांकडं जायचं की नाही? जायचं, पण त्या भाऊंच्या घरी जाऊन आल्यावर. आणि गुरुवारी नाही, इतरांसमोर नाही. त्यांच्या घरी, पाळकीणबाई असताना जा. आपल्याकडं एकेका पाळकाला दोन-तीन गावं सांभाळावी लागतात. मयत, लग्न, दृढीकरणाचे वर्ग, वर्गणीचे वाद, आणि शनिवारी रात्री दहा वाजता संदेशाची तयारी. याचा अर्थ चुकीचं शिकवण्याची मुभा आहे असा नाही. पण चारचौघांत पकडलेला माणूस आपली चूक कबूल करत नाही, ती जास्त घट्ट धरतो. आधी म्हण, “पाळकसाहेब, सगळ्यांसमोर बोलले त्याबद्दल माफी मागते.” मग म्हण, “जे बोलले त्याबद्दल नाही मागत.” आणि त्या भाऊंच्या घरात काय पाहिलंस ते सांग. तू पाहिलेलं त्यांना नाकारता येणार नाही. जमलं तर त्यांना घेऊनच दुसऱ्यांदा त्या घरी जा.

त्यांनी नाहीच ऐकलं तर? तरीही रविवारी जा. मंडळी पाळकांची नाही. पाळक बदलून जातील, ते मागच्या बाकावरचे भाऊ तिथंच असतील. मागच्या बाकावर, त्यांच्या बायकोशेजारी जाऊन बस. मात्र एक सांगते: कुठं व्यासपीठावरून रोजच कुणाला अपमानित केलं जात असेल, किंवा बायामाणसांना असुरक्षित वाटत असेल, तर माझा सल्ला वेगळा असता. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही.

नवऱ्याला तुझा निरोप्या करू नकोस. कमिटी आणि बायको यांच्यामध्ये उभा राहिलेला माणूस दोन्हीकडून मार खातो. त्यांनी त्या गुरुवारी तुझी बाजू घेतली नाही याचं तुला वाईट वाटलंय, ते त्यांना सरळ सांग, एकदाच.

राहिली प्रार्थना. होत नाही म्हणतेस. मार्काच्या नवव्या अध्यायात त्या मुलाचा बाप ओरडतो तेवढंच बोल: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. एका दमात दोन्ही. तेही नाही जमलं तर स्तोत्र वाच आणि पुस्तक मिट. आपले शब्द आटले की उसने घ्यावेत, स्तोत्रं त्याकरताच आहेत. ‘उपासना संगीत’ हे आपल्या गीतांचं पुस्तक घरात असेलच. ना. वा. टिळकांचं एखादं गीत लेकीला शिकव. तिला चाल शिकवताना तूही गाशील.

आणि आजोबांचं शास्त्र. तुझ्या ताज्या कलमातली ती ओळ वाचली आणि मी हबक्कूक उघडला. तिसरा अध्याय, सतरावं आणि अठरावं वचन. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. त्याच्याशेजारी १९७२. त्या दुष्काळात मी लहान होते. खडी फोडायला गेलेली आई संध्याकाळी सुकडी घेऊन यायची ते आठवतं. तुझे आजोबा मास्तर होते, समासात हवं ते लिहू शकत होते. कुणाच्या दशमांशाचा हिशेब त्यांनी तिथं मांडला नाही. साल लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. पाळकांकडं जाताना ते पान सोबत ने.

बांधून घे, तसंच ठेवलं तर पानं गळतील. सेलोटेप लावू नकोस, ती काही वर्षांत पिवळी होते आणि कागद खाते. आधी मोबाइलवर पानापानाचे फोटो काढ आणि समासातल्या नोंदी एका वहीत उतरवून घे, लेकीला बसव शेजारी. मग परभणीत किंवा नांदेडला जुन्या वह्या-दप्तरं शिवणारा बाइंडर शोध. चिकटवून नको, दोऱ्यानं शिवून दे म्हण. आणि एक गोष्ट त्याला दोनदा बजाव, कारण सवयीनं ते लोक पुस्तक बांधलं की यंत्रात घालून तिन्ही बाजू एकसारख्या कापतात. कडा कापू नको म्हणावं. वेड्यावाकड्या राहू देत. पेन्सिल कडेलाच आहे.

तुझी,
मावशी